सातव्या वस्तीतले बूट

१

धाकटी गेली त्याच्या एकविसाव्या दिवशी चौकीतल्या साहेबांनी थोरलीच्या हातात एक पिशवी दिली आणि सही करायला एक कागद पुढे सरकवला. पिशवीत धाकटीचे बूट आणि फोन. कागदावर बाकी सगळी भरताड होती, कामाचे शब्द तीनच: कौटुंबिक वादातून आत्महत्या.

"वाद कसला?" थोरलीने विचारलं.

"ते तुम्हीच सांगा." साहेबांचा आवाज दमलेला होता. "आदल्या दिवशी तुमचा फोन झाला. अकरा मिनिटं. तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीने जबाब दिलाय. फोन ठेवल्यावर रडत होती म्हणे."

खोटं नव्हतं. धाकटी म्हणाली होती, "ताई, पुरे झालं तुझं एकटीचं राहणं. मी आपल्या दोघींसाठी वस्ती शोधतेय." आणि थोरली, दिवसभर उन्हात टपालाची पिशवी वाहून आलेली, म्हणाली होती, "मला नको तुझी ती काचेची वस्ती. तू तुझं बघ. मला तुझ्यात ओढू नकोस." आई गेल्यावर नऊ वर्षांची असल्यापासून जिला वाढवलं, तिला हे. एकवीस दिवस ते वाक्य घरात तिच्या आधी उठत होतं आणि तिच्यानंतर झोपत होतं.

धाकटीने उडी मारली का, एवढंच तिला कळायला हवं होतं. मारली असेल तर ती त्या वाक्यावरून मारली. मग उरलेलं आयुष्य कसं काढायचं ते तिने ठरवलं नव्हतं.

"हे बघा, म्हणजे मनात शंका राहायला नको." साहेबांनी एक फोटो टेबलावर टाकला. नवव्या मजल्याच्याही वरची गच्ची. कठड्याच्या पायाशी बूट, त्यांच्यावर फोन. "तोल जाऊन पडणारा माणूस बूट काढून ठेवतो का? आणि ढकललेला माणूस? मनाशी ठरवून गेलेला माणूसच असं नीट ठेवून जातो. करा सही."

थोरलीने पेन उचललं. मग खाली ठेवलं. फोटो डोळ्यांजवळ नेला. नाड्या सोडलेल्या होत्या, सोडून बुटांच्या आत सारलेल्या होत्या. उजवा बूट डाव्याच्या बोटभर पुढे, चवडा किंचित बाहेर वळवलेला.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीने जन्मात कधी बुटाची नाडी सोडलेली नाही."

२

शाळेत असल्यापासूनची सवय. नाडीला दोन गाठी मारायच्या, त्या बूट फाटेपर्यंत सोडायच्या नाहीत. आत जाताना टाच चेपून पाय कोंबायचा, बाहेर येताना एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून बूट भिरकावून द्यायचा. एक दाराशी, एक जिन्यात. थोरलीने वीस वर्षं बोंब मारली होती. पिशवीतल्या बुटांच्या टाचा अजूनही चेपलेल्या होत्या.

साहेब हसले होते. "मरताना माणूस शिस्त पाळतो, बाई."

थोरलीला त्यांच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. तिने पिशवी उचलली, तो फोटो मागून घेतला, सही केली नाही, आणि आठ दिवसांची रजा टाकली.

धाकटीच्या ऑफिसमधून एक खोकं आलं होतं. त्यात एक वही होती. धाकटी टेस्टर होती. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधून काढायचं, त्याचाच तिला पगार. ज्या गावाबाहेर पाच वर्षांपूर्वी गवत आणि डबकी होती, तिथे आता काचेच्या कचेऱ्या उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती दर महिन्याला एक नवी वस्ती उगवत होती. रस्ता नंतर, गटार त्याच्याही नंतर, पण पाटी आधी. त्या पाट्यांवर विश्वास न ठेवता धाकटी एकेक वस्ती तपासत निघाली होती. नियम तिचा होता: प्रत्येक ठिकाणी तीन भेटी, तीन वेगळ्या वेळी, आणि तिसरी भेट झाल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत. पाणी किती वेळ, आवाज किती, ऑफिस चालत किती मिनिटं. शेवटचा रकाना विचित्र होता: 'कोणी हटकलं का?'

चौथ्या वस्तीच्या पानावर लिहिलं होतं: 'बोळ अरुंद. पाणी सकाळी दोनच तास. खालच्या मजल्यावरची बाई खिडकीतून केवढ्याने ओरडली, कोण हवंय म्हणून! छान.'

सातवं पान तळ्याकाठच्या वसाहतीचं. तिथेच ती गुरुवारी पडली होती.

'पहिली भेट: सगळ्या खिडक्यांत दिवे. सहा चाळीसला. सगळे एकदम.'

'दुसरी भेट: ५०४ समोर बूट टाकले. वीस मिनिटं. सरळ!!'

'तिसरी भेट: गुरुवार, साडेपाच.' पुढे कोरं.

थोरलीने पान उलटलं. पुढच्या पानावर, त्याच शाईत, शीर्षक घालून ठेवलं होतं: 'आठवी वस्ती. रविवार सकाळ. ताईला घेऊन जायचं, कितीही चिडली तरी.'

गुरुवारी मरायला निघालेली पोरगी रविवारचं पान आखून ठेवते होय?

३

"या, माणसांत राहायला!" वसाहतीच्या फाटकावरच्या पाटीवर एवढंच होतं, पण अक्षरं दोन माणसं उंच.

थोरली गिऱ्हाईक म्हणून गेली. एजंट चाळिशीचा, चुरचुरीत, बुटांच्या टाचा स्लिपरसारख्या चेपून फटक फटक चालणारा. "ताई, योग्य वेळी आलात. दुसऱ्या मजल्यापासून नवव्यापर्यंत अठ्ठेचाळीस फ्लॅट, त्यांतले शेहेचाळीस गेले. उरले दोन. सगळी सुशिक्षित कुटुंबं. संध्याकाळी बघा, काय गजबज असते!"

"आत्ता तर चिडीचूप आहे."

"सगळे कामावर ना ताई. कष्टाळू लोक."

खालच्या दालनात टपालपेट्यांची रांग होती. अठ्ठेचाळीस पेट्या, शेहेचाळिसांवर नावांच्या पट्ट्या. थोरलीने सवयीने बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं. एकोणीस वर्षं ती असल्या फटींत कागद सारत होती. कुठल्याही पेटीच्या फटीचा रंग दोन महिन्यांत उडतो. पाकिटांच्या कडा, बिलं, लग्नाच्या पत्रिका तो खरवडून काढतात. इथल्या फटींचा रंग नव्या बाहुलीच्या ओठांसारखा होता. दोनच पेट्या खरवडलेल्या होत्या, ५०३ आणि ९०१. बाकीच्या चव्वेचाळीस घरांना कुणी कधी एक चिठ्ठीसुद्धा पाठवलेली नव्हती.

"९०१ मध्ये कोण राहतं?"

"आमचे चेअरमन. प्राध्यापक होते, सगळे सर म्हणतात. चला, भेटवतो. ते बोलले की लोकांना धीर येतो."

सर सत्तरीचे, पांढरे शुभ्र, बोलणं मधात बुडवल्यासारखं. थोरलीने बूट दाराबाहेर काढले आणि आत जाऊन बसली. घर स्वच्छ होतं. भूगोल शिकवायचे म्हणाले, पण भिंतीवर नकाशा नव्हता, कपाटात पुस्तक नव्हतं.

"राहायची जागा निवडताना माणसं बघावीत," सर म्हणाले. "भिंती काय, सगळीकडे सारख्याच."

"गच्चीवरून तळं दिसतं म्हणे?"

"दिसत असेल. मी कुठला जातो! गुडघे गेले माझे. गच्चीच्या त्या आठ पायऱ्यासुद्धा मला डोंगर."

निघताना थोरली दाराशी बूट घालायला लागली. तिला कळायच्या आत सर तिच्या पायाशी एका गुडघ्यावर बसले होते आणि खिशातून एक पितळी पट्टी काढून तिच्या टाचेमागे सरकवत होते. पाय अलगद आत गेला.

"राहू द्या हो सर!"

"असू दे. सहा नंबर ना? डावी टाच जास्त झिजलीय तुमची. त्या खांद्यावर काहीतरी जड वाहता वाटतं."

थोरलीचा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. टपालाची पिशवी तिथेच असायची.

४

ती जिन्याने उतरली. एजंटला म्हणाली, तुम्ही लिफ्टने व्हा पुढे, मला मजले बघायचेत.

आठवा मजला. सहा दारं, सहा पायपुसणी, प्रत्येक दाराबाहेर बूट. बापाचे काळे, आईच्या सपाता, पोराचे लाल. सातवा मजला. बापाचे तपकिरी, पोरीचे पांढरे. कुठल्याही दारामागे टीव्ही नाही, भांडं नाही, खोकला नाही. सहाव्या मजल्यापर्यंत येईतो थोरली पाय न वाजवता चालायला लागली होती. कशाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. इतकी पायताणं आणि एकही पाय नाही. जणू सगळी माणसं दाराशी बूट काढून आत गेली आणि आत गेल्यावर विरघळली.

पाचव्या मजल्यावर ५०४ समोर ती उभी राहिली. दारावर नाव, बाहेर तीन जोड. लहान पोराचा निळा जोड तिने उचलला. आतल्या तळव्यावर नंबराचा शिक्का कोरा करकरीत. पाय घातला असता तर तो आठवड्यात पुसला असता.

शेजारचा बापाचा जोड कसा ठेवला होता ते तिने तेव्हा बघितलं. नाड्या सोडून आत सारलेल्या. उजवा बोटभर पुढे. चवडा किंचित बाहेर.

ती वरच्या मजल्यावर धावत गेली. तिथेही तसंच. त्याच्यावरही तसंच. चाळीसएक दारांबाहेर एकच हात फिरला होता, आणि तोच हात गच्चीवर धाकटीच्या बुटांवरून फिरला होता.

"हात लावू नका त्यांना!"

निळा जोड परत ठेवायला खाली आलेली थोरली वाकल्या जागी थिजली. ५०३ चं दार किलकिलं झालं होतं.

५

ती नर्स होती. रात्रपाळीची, दिवसा झोपणारी, डोळ्यांखाली काळं. "आत या आधी," म्हणाली. "तिथे उभं राहून बोलू नये."

"का?"

"मी कधीच उभी राहत नाही. दोन वर्षं झाली. भाडं निम्मं आहे म्हणून आले. पहिल्या महिन्यात समोरच्यांकडे साखर मागायला गेले. बेल दाबली, दाबली. कोणी नाही. पण दुसऱ्या दिवशी बूट बदललेले. मग मी विचारायचं सोडून दिलं." तिने आवाज आणखी खाली आणला. "त्या पोराचे निळे बूट आहेत ना? रंग बदलतात, पण दोन वर्षांत ते पोर एका नंबरानेही वाढलेलं नाही. माझ्या बहिणीचा मुलगा त्याच मापाचा होता, त्याला तीनदा नवे घेतले. तुम्ही म्हणाल वेडी आहे, पण मी वॉर्डात मेलेली माणसं बघते, मला त्यांची भीती वाटत नाही. इथली वाटते."

"सिस्टर, इथे भूतं नाहीत. इथे कोणीच नाहीये."

"ते जास्त वाईट आहे."

"गेल्या महिन्यात एक मुलगी वरून पडली."

नर्सने कप खाली ठेवला. "त्या दिवशी मला दुपारपासूनच ड्युटीवर बोलावलं होतं. पण तिच्याशी बोलले होते आधी. हसरी होती हो. म्हणाली, सिस्टर, मी आता एक गंमत करते, तुम्ही घड्याळ बघा. आपले बूट काढले आणि ५०४ समोर भिरकावले, एक इकडे, एक तिकडे. अनवाणीच आत येऊन बसली. माझी कोण लागते ती, विचारू नका, पण वीस मिनिटं आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या तोंड दाबून हसत होतो. मग दार उघडलं तर..." ती थांबली. "तुम्ही तिच्या कोण?"

"थोरली बहीण."

नर्सने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

थोरलीने शेवटी आपले बूट काढले. बाहेर जाऊन ५०४ समोर एक उलटा, एक जिन्याच्या कडेला असे टाकले आणि दार लावून घेतलं. दोघी कान देऊन बसल्या. पाऊल वाजलं नाही. लिफ्ट वाजली नाही. पंचवीस मिनिटांनी नर्सने कडी काढली.

बूट शेजारी शेजारी उभे होते. नाड्या आत. उजवा बोटभर पुढे.

आणि त्याच क्षणी, बरोबर सहा चाळीसला, समोरच्या रिकाम्या घराच्या दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड बाहेर सरकला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने साहेबांना फोन केला. "सही करते. पण त्या गच्चीवर करते. ती पडली तिथे उभी राहून." साहेबांना फाइल बंद करायची होती. ते आले.

थोरलीने सगळ्यांना वर बोलावलं होतं. एजंट घाम पुसत आला. फाटकावरचा वॉचमन आला, काखेत टँकरची वही. नर्स झोप मोडून आली. सर सगळ्यांत शेवटी, कठड्याला धरत, एकेक पायरी मोजत आले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. गच्चीवरून तळं दिसत नव्हतं. तळ्याच्या जागी भराव होता आणि त्यावर दुसरी पाटी.

"मी गिऱ्हाईक नाही," थोरली म्हणाली. "इथून जी पडली तिची बहीण आहे." आणि तिने पिशवी उपडी केली. धाकटीचे बूट खाली आदळले. आदल्या रात्री तिने त्यांना धाकटीसारख्याच दोन दोन गाठी मारल्या होत्या. एक बूट पालथा सरांच्या खुर्चीजवळ जाऊन पडला, दुसरा हातभर लांब. तिने ते उचलले नाहीत.

"बाई, लवकर आटपा," साहेबांनी घड्याळ बघितलं.

"आटपते. इथे चव्वेचाळीस घरं रिकामी आहेत. दिवे घड्याळाला जोडलेत, दोऱ्यांवर वाळत घातलेले शर्ट, सिस्टरना विचारा, महिनोन्‌महिने तेच आहेत, आणि दाराबाहेरचे बूट कोणाच्याही पायात कधी गेलेले नाहीत."

एजंटने तोंड उघडलं.

"तुम्ही थांबा. रिकाम्या इमारतीत कोणी घर घेत नाही. कचेरीतून सुटलेली पोरं सातला जागा बघायला येतात, खिडक्यांत दिवे बघतात, दाराशी लहान मुलांचे बूट बघतात, आणि जन्मभराचं कर्ज डोक्यावर घेतात. मग कळतं, नळाला पाणी नाही, पाणी टँकरचं. खाली भराव आहे. आज सकाळी पालिकेत विचारून आले, इमारतीला राहायचा दाखलाच मिळालेला नाही. घेतलेले निघून जातात, त्यांच्या दारावरची नावं मात्र तुम्ही ठेवून घेता. माझ्या बहिणीला हे कळलं. त्या गुरुवारी साडेपाचला ती हे तोंडावर सांगायला आली आणि सहाच्या आत पडली. कोणाच्या तोंडावर?"

"माझ्या नाही!" एजंट उसळला. "आईशप्पथ ताई, मी त्या दिवशी खाली एका कुटुंबाला नमुन्याचं घर दाखवत होतो. विचारा वॉचमनला!"

"होता," वॉचमन म्हणाला. "आणि मी फाटकावर. पाच पस्तीस, पाच पंचेचाळीस, पाच पंचावन्न, तीन टँकर. सह्या आहेत ड्रायव्हरांच्या."

"गच्चीला कुलूप असतं. किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला. एक एजंटसाहेबांकडे."

सगळ्यांच्या माना एजंटकडे वळल्या. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "माझ्याकडे कुठे? मी कशाला नऊ मजले... ती मी केव्हाच..." आणि त्याने जीभ चावली.

थोरलीने घाई केली नाही. ती बोलत राहिली. धाकटी लहानपणी कशी होती, बूट कसे फेकायची, आपण किती ओरडायचो. साहेबांनी दोनदा घसा खाकरला. नर्स रडत होती. थोरली मुद्दाम कठड्याकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून बोलत होती. काही माणसांचं मन हललं की हात कामाला लागतात, हे तिला ठाऊक होतं. ती स्वतः तशीच होती, जीव घाबरला की पाकिटं पिनकोडप्रमाणे लावत बसायची.

तिच्या मागे खुर्ची सरकली. वॉचमनचा श्वास वाजला. मग नर्स पुटपुटली, "अगं आई."

थोरली वळली.

धाकटीचे बूट खुर्चीशेजारी उभे होते. गाठी सुटलेल्या. नाड्या आत सारलेल्या. चेपलेल्या टाचा अंगठ्याने उचलून सरळ केलेल्या. उजवा डाव्याच्या बोटभर पुढे. आणि सर, ज्यांचे गुडघे गेले होते, ते एका गुडघ्यावर बसलेले, उजव्या बुटाचा चवडा दोन बोटांनी किंचित बाहेर वळवत होते.

थोरलीने खिशातला फोटो काढला आणि बुटांशेजारी फरशीवर ठेवला.   साहेब खाली वाकले, फोटो बघितला, बूट बघितले, पुन्हा फोटो बघितला.

"भूगोल शिकवणारा माणूस पायाकडे बघून नंबर सांगत नाही," थोरली म्हणाली. "खिशात बूट चढवायची पट्टी बाळगत नाही. गिऱ्हाइकाच्या पायाशी असा बसत नाही. तुमचं बुटांचं दुकान होतं."

सरांनी हात मागे घेतले आणि ते परके असल्यासारखे त्यांच्याकडे बघितलं.

"बेचाळीस वर्षं," ते म्हणाले. आवाजातला मध संपला होता. "मोठा रस्ता आला त्यात गेलं. माल उरला, जागा गेली, राहतं घर वर होतं तेही गेलं. या वसाहतीचे मालक म्हणाले, फ्लॅट घ्या, पैसे नकोत. चांगले कपडे घालून बसायचं, सर म्हणवून घ्यायचं. आणि रोज दारांसमोर बूट फिरवायचे. शेवटचा फ्लॅट गेला की ९०१ तुमच्या नावावर. दोनच उरले होते. हे म्हणतात ना, दोनच!" ते एजंटकडे बघून हसले, ते हसणं बघवत नव्हतं. "ती आली. दाराबाहेर बूट फेकून आत आली. म्हणाली, काका, उद्या मी हे सगळ्यांना सांगणार, फोटो टाकणार. मी म्हणालो, चल, आधी तुला गच्चीवरून तळं दाखवतो, मग ठरव. गच्चीची किल्ली यांनी माझ्याकडेच दिलेली. आठ पायऱ्या. ती मोज्यांवरच आली. वाकून म्हणाली, काका, तळं कुठाय?"

वाऱ्याने फोटो हलला. सरांनी तो पडू नये म्हणून बोटाने दाबून धरला.

"मलाही कुठेतरी राहायचं होतं, बाई."

"तिलाही," थोरली म्हणाली.

"बूट माझ्या दाराशी राहिले, ते तिथे सापडून चालणार नव्हते. म्हणून वर आणले, फोन ठेवला. ठेवताना सरळ केले असतील. आठवतसुद्धा नाही मला."

साहेबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. थोरली आडवी आली.

"माझा कागद."

"बाई, तो आता रद्दच..."

"माझ्यासमोर खोडा."

साहेबांनी कठड्यावर कागद ठेवला आणि ते तीन शब्द खोडले. एकदा खोडून भागलं नाही. थोरली म्हणाली, नीट खोडा, वाचता येतंय अजून.

७

९०१ मध्ये बुटांची दीडशे खोकी निघाली. मालकाचं काय झालं म्हणाल, तर मालकाचं काही झालं नाही. तो परगावी होता, त्याला काही माहीत नव्हतं, त्याच्या वकिलाने तसं लिहून दिलं. पंधरा दिवसांत वसाहतीला नवे चेअरमन मिळाले. नर्सने सामान हलवलं. संध्याकाळी सहा चाळीसला अजून सगळ्या खिडक्यांत दिवे लागतात आणि फाटकाबाहेर कचेरीतली पोरं-पोरी माना वर करून बघत उभी राहतात. थोरलीने त्यातल्या दोघांना थांबवून सगळं सांगितलं. त्यांनी फोनमध्ये बघितलं आणि म्हणाले, पण काकू, रेटिंग तर चांगलं आहे.

तिने वहीतलं सातवं पान काढलं. तिसऱ्या भेटीपुढे लिहिलं: 'झाली.' मार्कांच्या जागी शून्य घातलं. 'कोणी हटकलं का?' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं आणि पेन बंद केलं.

रविवारी सकाळी ती बॅग घेऊन निघाली. आठव्या वस्तीकडे नाही. अरुंद बोळ, पाण्याच्या बादल्यांची रांग, कुणाचं तरी कुणाशी तरी कडाक्याचं भांडण. एका दाराबाहेर पाच-सहा जोड एकमेकांवर पडलेले, चिखलाचे, टाचा चेपलेले, एक बूट थेट गटाराच्या कडेला. थोरली त्याच्याकडे बघत उभी राहिली. वाकून तो उचलावा असं तिच्या हाताला फार वाटलं. तिने हात बॅगेवरच ठेवला.

खालच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

"ओ बाई! कधीची बघतेय, काय उभ्या आहात? कोण हवंय?"

थोरलीने बॅग खाली ठेवली. 

"कोणी नाही हो. राहायला आलेय."

"एकट्याच?"

"दोघींसाठी बघितली होती जागा," थोरली म्हणाली, आणि दाराशी जाऊन, नाडी न सोडता, एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून तिने बूट भिरकावून दिले.